उभ्या गाडीचा पगार

लासलगावच्या बाजारात ड्रायव्हरला काय देता असं विचारलं तर सरळ आकडा कुणी सांगत नाही. एक म्हणतो, पगार बांधून दिलाय, वर भत्ता. दुसरा म्हणतो, खेपेवर आहे. तिसरा परतीच्या भाड्यावर टक्के देतो. चौथ्याचं सगळंच उक्तं: रक्कम हातात ठेवायची, त्यात डिझेल, जेवण, वाराई, वाटेतली ‘एंट्री’ सगळं आलं, उरेल ते ड्रायव्हरचं. चौघांच्या गाड्या एकाच कसारा घाटाने वाशीला जातात, पण चालतात मात्र चार तऱ्हांनी. पैसे कशावर बांधलेत हे गाडी कशी चालते त्यावरून मला हल्ली बऱ्यापैकी ओळखता येतं.

*

टक्केवारी आमच्या कामाची नाही. आम्ही कांद्याचे व्यापारी; माल आपला, गाडी आपली, मग भाडं कुठलं? वहीत एक आकडा लिहायचा आणि त्याचे टक्के काढायचे, म्हणजे स्वतःशीच सौदा. टक्केवारीला अर्थ आहे तो परतीच्या मालात. कळंबोलीहून नाशिकच्या एमआयडीसीत लोखंड मिळालं तर त्या भाड्यातला वाटा नानांचा. ते अड्ड्यावर चार ठिकाणी विचारतात म्हणून परतीचा माल मिळतो. मी घरी बसून फोन केला तर मिळत नाही.

नाना म्हणजे आमचे ड्रायव्हर. माझ्यापेक्षा वयाने मोठे. मी त्यांना नाना म्हणतो, ते मला शेठ म्हणतात. कोण कुणाचं ऐकतं ते या संबोधनांवरून ठरवू नये.

*

टक्केवारीचा दुसरा तोटा वजनकाट्यावर दिसतो. भाडं टनावर आणि वाटा भाड्यावर, म्हणजे जास्त भरण्यात मालक आणि ड्रायव्हर दोघांचं हित. अडवणारा कुणीच उरत नाही. 2018 मध्ये केंद्राने धुऱ्यांवरच्या वजनाची मर्यादा वाढवली आणि दहा टायरच्या गाडीचं एकूण वजन 25 टनांवरून साडेअठ्ठावीस टनांवर गेलं. तेव्हा सगळे म्हणाले, आता ओव्हरलोड संपला. संपला कसला? मर्यादा वाढली तशी हावही वाढली. 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20,000 रुपये, शिवाय जादा टनामागे 2,000. पावती फाडली की पहिला वाद हाच: यातले टक्के कोण भरणार?

*

खेपेवरचा हिशोब कागदावर सगळ्यात स्वच्छ. गेला, आला, पैसे घेतले. समजा खेपेला 1,500 आणि महिन्यात बारा खेपा, म्हणजे 18,000. बांधील पगारही 18,000 धरला तर वरवर दोन्ही सारखंच.

आता सप्टेंबर 2023 घ्या. ऑगस्टमध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क बसलं, सप्टेंबरच्या 20 तारखेपासून नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. बारदान पडून, गाड्या उभ्या. मग त्याच वर्षी 8 डिसेंबरला निर्यातबंदीच आली, ती पुढच्या मे महिन्यात उठली. लिलाव बंद ठेवण्याचा निर्णय आमचा, शुल्काचा निर्णय दिल्लीचा, आणि खेपेवरच्या ड्रायव्हरच्या घरी त्या पंधरवड्यात शून्य. निर्यात या शब्दाशी त्याचा संबंध एवढाच की जेएनपीटीला कंटेनर घेऊन जाणारा त्याचा मेव्हणा आहे.

बांधील पगारात हेच नुकसान माझ्या खिशातून जातं. पगार कसा द्यायचा या प्रश्नाचं मूळ इथे आहे. दर किती हे नंतर बघू. गाडी उभी राहील त्या दिवसाचा भार कुणी उचलायचा ते आधी ठरवायला हवं.

*

पण नानांचं मत उलटं आहे, आणि ते इथे लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर ही वही एकतर्फी होईल.

‘बांधील नको, शेठ.’

‘का हो? सुट्टीचेही पैसे मिळतील.’

‘मार्च-एप्रिलला उन्हाळ कांदा निघतो तेव्हा मी रात्रीचा दिवस करतो. तेव्हाचे पैसे बांधीलमध्ये जातात कुठे?’

बरोबर आहे. हंगामात तेही कमावणार, मीही कमावणार. बांधून दिलं की हंगामाची मलई माझी आणि मंदीतली भाकरी त्यांची. त्यांना दोन्ही हवं आहे, मंदीत आधार आणि हंगामात वाटा. ऐकायला हे जास्त वाटतं. पण मी बँकेकडे कॅश क्रेडिट मागताना दुसरं काय मागतो?

*

डिझेलच्या बक्षिसाबद्दल.

अ‍ॅव्हरेज काढून दिलं की वाचलेल्या डिझेलचे निम्मे पैसे ड्रायव्हरला, ही पद्धत सगळीकडे. नव्वदीच्या घरातलं डिझेल, कुणालाही पटेल असाच हिशोब. मीही ही पद्धत लावणार होतो. मग इगतपुरीहून खाली उतरताना एकदा नानांच्या शेजारी बसलो. पुढे एक सहा टायरची गाडी होती, भरलेली, ताडपत्रीची दोरी एका बाजूने सैल. उतार लागला आणि तिच्या इंजिनचा आवाजच थांबला. मागून फक्त टायरांची घरघर आणि दर वळणाला ब्रेकचा फुस्स आवाज. नाना म्हणाले, ‘न्यूट्रल सोडलीय. याला डिझेलचं इनाम असणार.’

इंजिन बंद म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर बंद. टाकीत आहे तेवढ्या हवेवर ब्रेक. चार-सहा वळणांवर पाय दाबला की काटा खाली. गिअरचा आधार नाही, ब्रेकचे लायनर तापलेले. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने कितीतरी वाहनं चिरडत नेली, तेव्हाही तपासात हेच पुढे आलं की डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडली होती.

वाईट याचं वाटतं की यात डिझेल फारसं वाचतही नाही. आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्टर डिझेल तोडतो, चाकंच इंजिन फिरवतात. इंजिन चालू ठेवून न्यूट्रल केली तर ते उलट थोडं पितं. हे नानांना सांगितलं तर म्हणाले, ‘मला माहितीये. पण जुन्या गाडीवर शिकलेल्याला कोण सांगणार?’

अ‍ॅव्हरेजचं इनाम आमच्याकडे लागू नाही. टाकीला कुलूप आहे, पंप ठरलेला आहे, दर खेपेला टाकी फुल्ल करून लिटर लिहायचे. फरक फारच पडला तर विचारायचं. पैशाने जे साधत नाही त्यासाठी विचारणं पुरतं.

*

फास्टॅगने एक कमाई मोडली. पूर्वी टोलचे पैसे रोख द्यायचो, आणि घोटीचा टोल चुकवून कुठल्या गावातून गाडी काढता येते याचं ज्ञान हा ड्रायव्हरचा छुपा भत्ता होता. फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा झाला. आता पडघ्याचा टोल कापला की माझ्या फोनवर संदेश येतो आणि गाडी कुठे आहे तेही कळतं. त्याआधी जकात गेली: बाकी शहरांतली 2013 पर्यंत, मुंबईची 1 जुलै 2017 ला जीएसटीबरोबर. मुलुंड आणि मानखुर्दच्या नाक्यांवरच्या रांगा गेल्या हे चांगलंच. पण वाटखर्चातून चार पैसे उरायच्या जागा एकेक करून बुजल्या आणि त्या बदल्यात पगार कुणी वाढवला नाही. ‘चोरी थांबली’ असं मालक म्हणतात. ती चोरी पगारात धरलेली होती हे त्यांनाही माहीत होतं, म्हणून तर पगार एवढे कमी होते.

*

क्लीनरचंही तसंच. आमच्या वडिलांच्या काळात क्लीनरशिवाय गाडी निघत नसे. आता बहुतेक जण एकटेच जातात. ताडपत्री बांधणं, टायर ठोकून बघणं, गाळ्यापुढे गाडी रिव्हर्स लावताना मागे कोण आहे ते पाहणं, सगळं एकट्याने. क्लीनरचा वाचलेला पगार कुणाच्या खिशात गेला?

(आमच्याकडे माझ्याच. यंदा त्यातला अर्धा नानांच्या मूळ पगारात घातला.)

*

वाशी. पहाटे गाडी लागली, की माथाडी उतरवणार. 1969 च्या माथाडी कायद्याने या माणसाला मंडळ मिळालं, लेव्ही मिळाली, भविष्य निर्वाह निधी मिळाला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने हे मिळवलं आणि रास्त मिळवलं. ज्या गाडीतून तो गोणी उतरवतो ती गाडी रात्रभर चालवून आणणाऱ्याला मात्र यातलं काही नाही. तो गाडीखाली चटई टाकून पडतो.

आवक जास्त असेल तर गाडी उतरत नाही. दुपार होते. आडत्या म्हणतो, ‘उद्या बघू.’ खेपेवरच्या ड्रायव्हरला या उद्याचे काही मिळत नाही, आणि झोपही लागत नाही, कारण गाडी पुढे सरकवायला कुणी ना कुणी हाक मारतंच. मग संध्याकाळी गाडी खाली होते आणि तो तसाच निघतो, कारण पुढची खेप चुकली तर तिचेही पैसे गेले.

सेव्ह लाइफ फाउंडेशनने 2020 मध्ये देशभरातल्या ट्रकचालकांची पाहणी केली होती. दिवसाला सरासरी जवळजवळ 12 तास आणि 417 किलोमीटर, असं त्यात निघालं. वाशीच्या आवारात उभं राहून घालवलेले तास कुणी चालवण्यात धरत नाही. पण थकवा तोच, डोळे तेच.

*

कायदा. पाचांपेक्षा कमी कामगार असले की 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा लागू नाही, असं आमच्यातले सगळे छातीठोकपणे सांगतात. त्या कायद्यात दिवसाला आठ तास, लांब पल्ल्यावर दहा, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट दर असं होतं. आता तो 2020 च्या श्रमसंहितेत मिसळला आहे. पण 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 91 वं कलम कुणी वाचत नाही. वाहतुकीच्या कोणत्याही वाहनावरच्या माणसाचे कामाचे तास त्या 1961 च्या कायद्याप्रमाणेच असावेत असं ते कलम म्हणतं. तिथे पाचांची अट नाही. एका गाडीचा मालकही त्यात आला.

म्हणजे ‘खेपेवर आहे, किती तास चालवायचं ते त्याचं तो बघेल’ हे उत्तर कायद्यापुढे टिकणारं नाही.

*

विम्याच्या कागदात एक ओळ असते: लीगल लायबिलिटी टू पेड ड्रायव्हर. त्याचा हप्ता माणशी 50 रुपये. गाडीच्या विम्याला हजारो भरणारा मालक एजंटला म्हणतो, जरा कमी करून बघा, आणि आधी ही ओळ उडते. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा असतो ना? असतो, पण तो मालक स्वतः चालवत असेल तर त्याचा. नानांचा त्याच्याशी संबंध नाही.

*

याला जोडूनच पगार आणि भत्त्याच्या वाटणीचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मालक मूळ पगार कमी दाखवतात आणि बाकीचं भत्ता म्हणून देतात. ड्रायव्हरही हरकत घेत नाही. हातात येणारी रक्कम तीच. फरक पडतो तो गाडी दरीत गेल्यावर. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यातलं (तोही आता 2020 च्या श्रमसंहितेत मिसळला आहे) गणित असं: मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या निम्मे, गुणिले वयाचा आकडा. चाळिशीला तो आकडा 184.17. वेतनाची कमाल मर्यादा 2020 पासून 15,000 धरली आहे. कागदावर 15,000 पगार असेल तर 7,500 गुणिले 184.17, म्हणजे 13 लाख 81 हजार 275 रुपये. कागदावर 9,000 आणि बाकी भत्ता असेल तर 8 लाख 28 हजार 765. साडेपाच लाखांचा फरक, आणि तोही अशा वेळी की सही करणारा माणूस हयात नाही. प्रवासभत्ता वेतनात येत नाही. मग ‘भत्ता’ नावाखाली दिलेलं वेतन होतं की खर्च होता, यावर विधवेने कोर्टात भांडायचं.

2019 च्या वेतन संहितेने एक बरं केलं. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापुढे गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. आमच्या सीएंना मी म्हटलं, निम्म्याची वाट कशाला बघायची, मूळ पगारच नीट लिहू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी आयकर जास्त भरायची परवानगी मागतोय.

*

नोटाबंदीनंतर रोख कमी झाली. नोव्हेंबर 2016 मध्ये गाड्या वाटेत आणि ड्रायव्हरच्या खिशात जुन्या पाचशेच्या नोटा, अशी गत होती. टोल सरकारने माफ केला होता म्हणून निदान तेवढं तरी सुटलं. आता पगार नानांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या खात्यात, भत्ता नानांच्या फोनवर. ही वाटणी काकूंनी सुचवली. नानांनी मान्य केली, पण खुशीने केली असं म्हणवत नाही.

*

उचल. मुलीचं लग्न, विहिरीची मोटर, दवाखाना. उचल दिली नाही तर ड्रायव्हर दुसरीकडे जातो, फार दिली तर जाऊ शकत नाही. दुसरी गोष्ट मालकांना सोयीची वाटते. ऊसतोडीत ती कुठवर गेली आहे ते नगर-बीडकडे पाहिलं की कळतं. आमचा नियम दोन पगारांपुढे उचल नाही, आणि फेड दरमहा ठरलेली, खेप चुकली म्हणून जास्त कापायची नाही. लग्नासाठी लागलं तर पतसंस्थेत जामीन राहीन, माझ्या वहीत बांधणार नाही.

*

तूट ड्रायव्हरच्या माथी मारणारे आहेत. कांदा वाटेत वजनाने घटतो हे शेंबडं पोरगं जाणतं. उन्हात गाडी वाशीला एक दिवस उभी राहिली तर आणखी घटतो. आणि कापणार कुणाचे? जो उभा होता त्याचे!

*

जानेवारी 2024 मध्ये हिट अँड रनच्या नव्या कलमाविरुद्ध चालकांनी गाड्या सोडल्या. मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोबाहेर टँकर उभे, आमच्याकडे पंपावर रांगा. दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं ते कलम अमलात आणण्याआधी चर्चा करू, असं सरकारने सांगितलं तेव्हा गाड्या हलल्या. त्या दोन दिवसांत नानांनी विचारलं, ‘मी आत गेलो तर पगार चालू राहील?’ पगाराच्या बोलणीत हा मुद्दा कधीच येत नाही. आता वहीत लिहिला आहे: वकील आणि जामीन माझा, चौकशी चालू असेपर्यंत मूळ पगार चालू. दारू पिऊन चालवलं असेल तर यातलं काही नाही. नाना म्हणाले, ‘ते लिहायची गरज नव्हती.’ तरी लिहिलं.

*

अमेरिकेत लांब पल्ल्याच्या चालकाला मैलावर पैसे द्यायची जुनी रीत आहे. तिथल्या जे. बी. हंट या बड्या वाहतूक कंपनीने 1997 मध्ये मैलाचा दर साधारण तिसऱ्या हिश्श्याने वाढवला. मायकेल बेल्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा सोडून जाणारे चालकही घटले आणि अपघातही घटले असं दिसलं. अनुभवी माणूस टिकतो, अनुभवी माणूस कमी ठोकतो. आमच्या दोन गाड्यांचा अभ्यास करायला कुणी येणार नाही, पण बाजारात बघतो ना: ज्याच्या गाडीवर दर सहा महिन्यांनी नवा ड्रायव्हर, त्याच्याच गाडीचा बंपर दोरीने बांधलेला.

*

समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला आणि कसारा टाळायची सोय झाली. टोल मी भरायचा, वेळ नानांचा वाचायचा. खेपेवरचा ड्रायव्हर समृद्धीच मागणार, मालक जुना घाटच सांगणार. आम्ही असं ठरवलं की भरलेली गाडी समृद्धीने, रिकामी घाटाने. उतारावर भरलेली गाडी नको हे कारण दोघांनाही पटलं. पैशाचं कारण दोघांनीही तोंडाने काढलं नाही.

*

यंदाचं ठरलं ते असं. मूळ पगार बारा महिने, गाडी चालो न चालो, आणि तो पूर्ण कागदावर. महिन्यात आठ खेपांपुढे प्रत्येक खेपेला वरचे पैसे, म्हणजे हंगामाचा वाटा. घराबाहेरच्या रात्रीचा भत्ता वेगळा. वाशीला गाडी लागल्यापासून सहा तास माझे. त्यानंतर दर तासाला उभं राहण्याचा दर. रात्री उशिरा गाडी खाली झाली तर तिथेच झोपायचं, सकाळी निघायचं, आणि ती रात्रही भत्त्यात.

उभ्या तासांचा दर आडत्याकडून वसूल करू म्हणालो तर तो हसला. म्हणाला, ‘मग मी गिऱ्हाइकाकडून घेऊ का?’ कळंबोलीचे लोखंडवाले होल्टिंग देतात, मागे लागावं लागतं पण देतात. कांद्यात तशी रीत नाही. तूर्त तो खर्च माझाच. एक फायदा झाला: उभं राहण्याचे पैसे द्यावे लागायला लागल्यापासून आवक जास्त असेल त्या दिवशी मी गाडी पाठवतच नाही. आडत्याला आधी फोन करतो. पूर्वी कधी केला नव्हता.

*

बोनसचं अजून राहिलंय. आमच्याकडे दिवाळीला एक पगार द्यायची रीत. कायद्याने आमच्यासारख्या दोन-चार माणसांच्या धंद्याला बंधन नाही, पण रीत आहे. आता एक पगार म्हणजे कुठला? मूळ, की वरच्या खेपा धरून? नाना म्हणतात सगळं धरून. मी म्हणतो मूळ, आणि वर्षभराच्या वरच्या खेपांची सरासरी. काकूंनी फोनवर तिसराच हिशोब सांगितला, त्यात उभ्या तासांचेही पैसे होते. वसुबारसेच्या आत ठरवायचं आहे.